छपरावरची काळी धार

ह्यूस्टन, टॅम्पा, सव्हाना, चार्ल्सटन. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अशा कुठल्याही शहरात पंधरा-वीस वर्षं जुन्या वस्तीतून फेरफटका मारताना नजर घरांच्या छपरांवर ठेवावी. करड्या किंवा तपकिरी उतरत्या छपरांवर आढ्याकडून वळचणीकडे ओघळलेल्या काळ्या धारा दिसतात. उत्तरेकडच्या पाख्यावर त्या दाट असतात. त्याच घराचं दक्षिणेकडचं पाखं बरेचदा जवळजवळ कोरं असतं. आणखी थोडं निरखलं की एक वेगळी गोष्ट ध्यानात येते. काळवंडलेल्या त्या उत्तर पाख्यावरही, धुराड्याच्या किंवा छपरातून वर आलेल्या एखाद्या नळीच्या बरोबर खाली, एक उजळ पट्टा असतो. धुराड्याच्या बुडाशी पाणी शिरू नये म्हणून तिथे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा बसवतात. त्या पत्र्यावरून वाहिलेलं पावसाचं पाणी जिथवर पोचतं, तिथवर काळेपणा फिरकलेला नसतो.

पाख्याची दिशा, ओघळ आणि पत्र्याखालचा उजळ पट्टा या तीन खुणांमध्ये डागाचं निदानही आहे आणि त्यावरचा उपायही. तरीसुद्धा दरवर्षी असंख्य घरमालक छपरावर जोरदार पाण्याचा मारा करून घेतात आणि डागाने दहा वर्षांत केलं नसतं इतकं नुकसान एका दुपारी ओढवून घेतात. म्हणून हा डाग म्हणजे नेमकं काय, हे आधी समजून घ्यायला हवं.

काजळी, गाड्यांचा धूर, झाडांचा चीक, धूळ, किंवा ‘छप्पर जुनं झालं’ अशी कारणं सर्रास सांगितली जातात. खरं कारण सजीव आहे. अमेरिकेत या डागाचा मुख्य मानकरी म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, तो ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाचा सूक्ष्मजीव. बोलीभाषेत त्याला शेवाळ म्हणतात, आपल्या शाळेच्या पुस्तकांत या गटाला नील-हरित शैवाल म्हटलेलं आढळतं. पण जीवशास्त्राच्या हिशेबाने हे जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. त्यांच्या पेशीत केंद्रक नसतं. वनस्पतींसारखं प्रकाशसंश्लेषण मात्र ते करतात आणि ऑक्सिजन सोडतात. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठायला लागला, तो याच गटाच्या पूर्वजांच्या कामगिरीमुळे. छपरावर ग्लिओकॅप्सा एकटा नसतो. त्याच्यासोबत इतर सायनोबॅक्टेरिया, बुरशी आणि साधे जिवाणू नांदतात आणि प्रदेश बदलला की त्यांच्यातलं प्राबल्यही बदलतं.

मग हिरवं असायला हवं ते काळं का? पेशीच्या आत हरितद्रव्य असतंच. पण या पेशी आपल्याभोवती चिकट श्लेष्माची अनेक पदरी पिशवी विणतात आणि त्या पिशवीत गडद रंगद्रव्यं साठवतात. छपरासारखी निर्दय जागा दुसरी सापडणं कठीण. दुपारी हात टेकवता येणार नाही इतका ताप, डोक्यावर थेट अतिनील किरण, पाणी मिळणार ते पावसाचं किंवा पहाटेच्या दवाचं. अशा जागी टिकायचं तर स्वतःची सावली स्वतःच तयार करायला हवी. सायटोनेमिन हे या गटातल्या अनेक जिवाणूंच्या आवरणात सापडणारं पिवळट-तपकिरी द्रव्य नेमकं तेच काम करतं. अतिनील किरण ते आवरणातच अडवून धरतं आणि आतल्या पेशीपर्यंत पोचू देत नाही. शास्त्रज्ञांना हे द्रव्य एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होतं; त्याची रासायनिक रचना मात्र १९९३ मध्ये उलगडली. कोरड पडली की या पेशी सुकून निपचित होतात आणि पाणी मिळालं की पुन्हा कामाला लागतात. आपल्याला दिसणारी काळी धार म्हणजे लक्षावधी पेशींनी उन्हापासून बचावासाठी पांघरलेलं आवरण आहे.

हे आवरण लक्षात ठेवायचं दुसरं एक कारण आहे. रंग पेशीच्या बाहेरच्या पिशवीत असल्यामुळे आतली पेशी मेली तरी काळेपणा लगेच जात नाही. कुठल्या औषधाने छप्पर अर्ध्या तासात उजळतं आणि कुठल्या औषधाला कित्येक महिने का लागतात, याचं उत्तर इथेच आहे. त्याकडे पुढे येऊच.

आता ज्या छपरावर ही वस्ती होते, त्याच्याकडे वळू. डांबरी शिंगल ही अस्सल अमेरिकी वस्तू आहे. मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावचे छपराचे ठेकेदार हेन्री रेनॉल्ड्स यांनी १९०३ च्या सुमारास डांबरी छपराच्या गुंडाळ्या कापून त्यांचे तुकडे कौलांसारखे बसवायला सुरुवात केली, असं मानतात. स्लेट आणि लाकडी फळ्यांपेक्षा हे स्वस्त पडत होतं, बसवायला सोपं होतं आणि ठिणगीने पेट घेण्याची भीतीही कमी होती. आज अमेरिकेतल्या पाचांपैकी जवळपास चार घरांवर डांबरी शिंगलच असतात. आपल्याकडच्या कौलारू घराच्या सवयीने तिकडे गेलेल्या माणसाला ते आधी कागदी वाटतं. मधोमध काचतंतूंची जाळी, दोन्ही बाजूंनी डांबराचा थर, त्या डांबरात भर म्हणून मिसळलेली चुनखडीची पूड आणि सगळ्यात वर दगडाचे बारीक रंगीत कण. जुन्या शिंगलमध्ये जाळीच्या जागी चिंध्यांपासून आणि लाकडाच्या लगद्यापासून केलेला जाड कागद असे.

शिंगलचा जीव वरच्या त्या कणांत आहे. डांबराला ऊन सोसत नाही. अतिनील किरणांनी ते ठिसूळ होतं, तडकतं आणि मग गळती सुरू होते. दगडाचे कण डांबराला झाकतात, म्हणून छप्पर वीस-पंचवीस वर्षं तगतं. हे कण किती घट्ट बसले आहेत, याची अमेरिकेत प्रमाणित चाचणी होते. तारेच्या ब्रशने ठरावीक वेळा घासल्यावर नमुन्यावरचे सरासरी एका ग्रॅमपेक्षा जास्त कण निघाले, तर तो माल मानकात बसत नाही. एक ग्रॅम! ज्या वस्तूच्या बाबतीत कारखाना इतका काटेकोर असतो, तिच्यावर घरमालकाने काय सोडायचं आणि काय नाही, हा विचार त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

शिंगलमधली चुनखडी हेच या जिवाणूंचं अन्न, म्हणून हल्ली डाग वाढलेत, असं छपराच्या धंद्यात जागोजाग ऐकू येतं. चुनखडीमुळे पृष्ठभाग किंचित अल्कधर्मी राहतो आणि या जिवाणूंना ते मानवतं, इतपत मला मान्य आहे. पण सगळं खापर तिच्यावर फोडणं पटत नाही. जो जीव प्रकाश, हवा आणि पाणी यांवर स्वतःचं अन्न तयार करतो, त्याला बाहेरून लागतात ती थोडीफार खनिजं, आणि ती धुळीतूनही मिळतात. याच गटातले जिवाणू सिमेंटच्या भिंती, दगड आणि मातीची कौलं सारख्याच निष्ठेने काळी करतात. ओडिशातल्या जुन्या मंदिरांच्या दगडावर दिसणारा काळा थर मोठ्या प्रमाणात सायनोबॅक्टेरियांचाच आहे. पावसाळा संपल्यावर मुंबईतल्या आणि कोकणातल्या इमारतींच्या भिंतींवर सज्जाच्या खालून काळे ओघळ उतरलेले दिसतात, त्यांतही हीच मंडळी असतात. तिथे डांबर नाही आणि शिंगलही नाही.

सगळीकडे समान असलेली गोष्ट पाणी. त्यातही नुसत्या पावसापेक्षा ओल किती तास टिकते, याला महत्त्व आहे. निरभ्र रात्री छप्पर आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा गार होतं. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा त्याला स्पर्श करते आणि त्यावर दव साचतं. पाऊस न पडताही पहाटे छप्पर ओलंचिंब असतं. दक्षिणेकडचं पाखं सकाळच्या उन्हात लवकर सुकतं. उत्तरेकडच्या पाख्यावर सूर्य तिरपा आणि उशिरा येतो, म्हणून तिथे ओल आणखी काही तास राहते. जिवाणूंना तेवढे जादा तास पुरतात. वर एखाद्या ओक वृक्षाची फांदी झुकलेली असली तर पाहायलाच नको. माळ्यावर चांगलं उष्णतारोधन केलेलं असलं की खालची ऊब छपरापर्यंत पोचत नाही, त्यामुळे रात्री ते जास्तच गार पडतं आणि दवही जास्त धरतं. म्हणजे वीज वाचवणारं चांगलं घर या डागाला थोडं अधिक पोषक असतं. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत तोच शिंगल वर्षानुवर्षं कोरा राहतो. वायव्येकडे, सिअ‍ॅटल-पोर्टलंडच्या गार आणि भिजट हिवाळ्यात, मुख्य तक्रार हिरव्यागार मऊ शेवाळाची असते. ते शेवाळ म्हणजे खरी वनस्पती आहे आणि त्याचा त्रासही वेगळा.

जिवाणू एका छपरावरून दुसऱ्यावर येतात ते वाऱ्यासोबत आणि पक्षी-खारींच्या पायांना लागून. कुठेतरी आढ्याजवळ एक बारीकसा ठिपका रुजतो आणि पावसाचं पाणी त्यातल्या पेशी उतारावरून खाली नेतं. धार तयार होते ती अशी. सुरुवातीची विरळ वस्ती डोळ्यांना दिसतही नाही. ती दिसू लागते तेव्हा बरीच मुरलेली असते, आणि शेजारच्या घरांवरही बहुधा पोचलेली असते.

या डागाने छपराचं नुकसान होतं का? अमेरिकेतल्या डांबरी छप्पर उत्पादकांची संघटना याला मुख्यतः दिसण्याचा प्रश्न मानते. नुसत्या काळ्या धारांमुळे छप्पर गळत नाही. साफसफाई विकणारी माणसं ‘जिवाणू तुमचं छप्पर खात आहेत’ अशी भीती घालतात, तेव्हा ही गोष्ट आठवावी. उष्णतेच्या बाबतीत मात्र तक्रारीत तथ्य आहे. काळं छप्पर जास्त ऊन शोषतं. फिकट रंगाचा, ऊन परतवणारा शिंगल मुद्दाम जास्त पैसे देऊन बसवलेला असेल, तर त्यावर काळा थर चढणं म्हणजे तो जादा खर्च वाया जाणं. म्हणूनच तिथली शीत-छपरांचं मूल्यमापन करणारी संस्था छपराचे नमुने फ्लोरिडा, ॲरिझोना आणि ओहायो अशा तीन वेगळ्या हवामानांत तीन वर्षं उघड्यावर ठेवते आणि नंतर ते किती ऊन परतवतात हे पुन्हा मोजते. नव्या मालाचा आकडा आणि तीन वर्षांनंतरचा आकडा असे दोन्ही जाहीर होतात. शिंगल निवडताना दुसरा आकडा पाहावा.

हिरवं शेवाळ आणि दगडफूल यांची गोष्ट निराळी. शेवाळाची गादी पाणी धरून ठेवते आणि शिंगलच्या कडा वर उचलते. त्या फटीत वारा आणि पाणी शिरतं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. ते कणांना इतकं घट्ट धरतं की खरवडून काढलं तर कण सोबत येतात. या दोघांवर उपाय करावाच लागतो.

काळ्या धारांचा प्रश्न बहुतेक वेळा घरमालकाच्या दारात येतो तो दुसऱ्याच वाटेने. वस्तीतल्या घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र येतं की अमुक तारखेच्या आत छप्पर स्वच्छ करा, नाहीतर दंड. विमा कंपन्या हल्ली आकाशातून घेतलेली छायाचित्रं पाहून छपराची अवस्था ठरवतात, आणि वरून काढलेल्या चित्रात डाग आणि झीज यांच्यात फरक करणं अवघड असतं. घर विकायला काढलं की गिऱ्हाईक पहिल्यांदा छपराकडेच बोट दाखवतं. ह्यूस्टन, अटलांटा किंवा रॅलीच्या आसपास घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही हे चुकत नाही. आपल्याकडे सोसायटीची गच्ची ही सगळ्यांची जबाबदारी असते. तिथे स्वतःच्या छपराचा कारभार पहिल्यांदाच अंगावर येतो आणि पत्र हातात पडलं की माणूस घाईने पहिल्या भेटलेल्या ठेकेदाराला हो म्हणतो. घाईचं कारण नाही. छपराचं वय, अवस्था आणि डागाचं स्वरूप सांगणारा जाणकाराचा लेखी अहवाल आणि जवळून काढलेली छायाचित्रं असोसिएशनला किंवा विमा कंपनीला देता येतात, आणि देऊन पाहावीत.

त्याआधी काळेपणा या जिवाणूंचाच आहे ना, याची खात्री करावी. त्यासाठी छपरावर चढावं लागत नाही, दुर्बीण पुरते. पत्र्याखाली उजळ पट्टा दिसला तर काम जवळजवळ झालंच. याउलट काळेपणा चकाकत असेल, ठिगळांसारखा असेल आणि पन्हळीत दगडाचे कण साचलेले आढळले, तर कण गळून उघडं पडलेलं डांबर दिसतं आहे. त्यावर कुठलंही धुणं लागू पडत नाही, छप्पर बदलण्याची वेळ जवळ आली आहे. केंटकी आणि टेनेसी या राज्यांत आणखी एक करामती जीव आहे, बॉडोइनिया नावाची काळी बुरशी. व्हिस्की मुरताना पिंपांतून उडून जाणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर ती पोसते आणि गोदामांच्या परिसरातली छपरं, झाडं, गाड्या, पाट्या सगळंच काजळीसारखं काळं करते. फ्रान्समध्ये कोन्याकच्या कोठारांभोवती ती १८७२ मध्येच बॉडोइन नावाच्या गृहस्थांनी नोंदवली होती. त्यांच्या नावावरून तिचं आजचं नाव २००७ मध्ये ठरलं. टेनेसीतल्या लिंकन काउंटीत या काळेपणावरून प्रकरण २०२३ मध्ये न्यायालयापर्यंत गेलं. तिथल्या माणसाने छपरावरच्या जिवाणूंवर उपाय करत बसण्यात अर्थ नाही, कारण वाफ येत राहील तोवर काळं परतत राहील.

आता प्रेशर वॉशर. या यंत्राबद्दल मी मोघम बोलणार नाही. डांबरी शिंगलवर ते चालवू नये. कधीच चालवू नये. घरच्या नळाच्या पाण्याला चौरस इंचामागे साधारण ४० ते ६० पौंड दाब असतो. घरगुती प्रेशर वॉशरचा दाब दीड-दोन हजार पौंडांच्या घरात जातो. हा फवारा काळं काढतो हे खरं, कारण ज्या कणांना ते चिकटलंय ते कणच उखडतो. शिंगल एकावर एक अशा रीतीने बसवलेले असतात की वरून खाली येणारं पाणी आत शिरू नये. चुकीच्या कोनातला जोरदार फवारा पाणी उलटं वर ढकलतो. शिंगलच्या कडा एकमेकींना धरून ठेवणारा डांबरी चिकटपट्टाही त्याने सुटतो, आणि मग पुढच्या चक्रीवादळात तेच शिंगल आधी उडतात. उत्पादक हमी नाकारायला मोकळे होतात. छप्पर त्या संध्याकाळी झकास दिसतं, म्हणून घरमालक खूश असतो आणि शेजाऱ्यालाही तोच ठेकेदार सुचवतो. पन्हळीत साचलेले वाटीभर कण कुणी पाहत नाही.

ब्रशने घासणंही तितकंच वाईट.

छप्पर उत्पादकांच्या संघटनेने सुचवलेली रीत सौम्य आहे. कपडे धुण्याचं साधं द्रवरूप क्लोरीन ब्लीच आणि पाणी समसमान घ्यायचं, बागेत वापरतात तसल्या कमी दाबाच्या पंपाने ते डागांवर फवारायचं, १५ ते २० मिनिटं राहू द्यायचं आणि मग साध्या पाण्याने, कमी दाबाने धुऊन टाकायचं. ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट पेशी मारतं आणि त्याच झटक्यात आवरणातलं रंगद्रव्यही मोडून टाकतं, म्हणून डोळ्यांदेखत काळ्याचं तपकिरी आणि तपकिरीचं फिकट होत जातं. कुठे पुसट छटा उरली तरी पुढच्या पावसांत ती जाते. उरलेल्या छटेसाठी द्रावण तीव्र करण्याचा मोह टाळावा. अमेरिकी दुकानांतलं ब्लीच सगळं सारखं नसतं. ‘शिंतोडे न उडणारं’ म्हणून विकलं जाणारं दाटसर ब्लीच कमी तीव्रतेचं असतं, ते इथे कामाचं नाही. उन्हाने आणि उष्णतेने ब्लीचची ताकद घटते, त्यामुळे गॅरेजमध्ये वर्षभर पडलेला कॅन उचलू नये. दिवस ढगाळ आणि वारा नसलेला निवडावा. कडक उन्हात द्रावण काम करण्याआधीच वाळतं आणि वाऱ्याने ते शेजाऱ्याच्या गाडीवर जातं.

खरी काळजी छपराच्या खाली घ्यायची असते. भिंतीलगतची झुडपं आधी साध्या पाण्याने भरपूर भिजवावीत, म्हणजे मुळांशी आणि पानांवर आलेलं ब्लीच पातळ होतं. काम चालू असताना मधूनमधून आणि शेवटी पुन्हा भिजवावीत. प्लास्टिक टाकून झाकायची असतील तर थोडाच वेळ, नाहीतर उन्हात ती आतल्या आत उकडतात. पन्हळीतून खाली येणारं पाणी कुठे जातं हे आधी पाहून ठेवावं. अमेरिकेत रस्त्याकडेच्या पावसाळी गटारांतलं पाणी बहुतेक ठिकाणी कुठल्याही शुद्धीकरणाशिवाय ओढ्यात, तळ्यात किंवा खाडीत पोचतं. ते ब्लीच तिथल्या माशांपर्यंत जाऊ द्यायचं नसेल तर नळीचं तोंड हिरवळीकडे वळवून भरपूर पाण्याने पातळ करून मातीत जिरवावं. ॲल्युमिनियमची पन्हळ, खिळे, पत्रे हे सगळं नीट खळाळून धुवावं, ब्लीच धातू खातं.

आणि एक गोष्ट ठळकपणे: ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नये. व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं आम्ल मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया असलेलं काही मिसळलं तर क्लोरामाइनचे वायू. दोन्ही फुप्फुसं जाळतात. डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे, अंगात जुने पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच.

यापेक्षा मोठा धोका उंचीचा. अमेरिकेत बांधकामाच्या जागी होणाऱ्या मृत्यूंमध्ये पडून मरणाऱ्यांची संख्या सर्वांत जास्त असते, आणि ती माणसं रोज उंचीवर काम करणारी असतात. ओलं झालेलं जिवाणूंचं आवरण बुळबुळीत असतं, त्यावर ब्लीच पडलं की आणखीच. जमेल तितकं काम शिडीवरून किंवा जमिनीवरून लांब नळीने करावं. शिडी दर चार फूट उंचीमागे एक फूट भिंतीपासून लांब टेकवावी आणि ती वळचणीच्या वर निदान तीन फूट जावी. घर दुमजली असेल, उतार तीव्र असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की हे काम विमा उतरवलेल्या व्यावसायिकाला द्यावं. वाचलेले पैसे एका घसरण्याच्या बदल्यात फार थोडे असतात.

ब्लीच नको असलेल्यांना इतर वाटा आहेत. सोडियम परकार्बोनेट पाण्यात विरघळून हायड्रोजन पेरॉक्साइड देतं. झाडांना ते कमी त्रासाचं, पण मुरलेल्या डागावर बेताचंच चालतं. बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखी द्रव्यं फवारून तशीच सोडून द्यायची असतात. ती पेशी मारतात, रंगद्रव्याला हात लावत नाहीत. मेलेली वस्ती पावसाने झिजून जाईपर्यंत छप्पर काळंच दिसतं, म्हणून ‘औषध खोटं निघालं’ असं लोकांना वाटतं. धीर असेल तर ही वाट वाईट नाही. हिरव्या शेवाळावर आणि दगडफुलावरही अशीच सबुरी लागते: आधी मारायचं, मग महिनोन्‌महिने वाळून आपोआप सुटू द्यायचं, खरवडायचं नाही.

कुठल्याही धुण्याने जमीन साफ होते, बी तसंच वाऱ्यावर असतं. दमट प्रदेशात काही वर्षांत धारा पुन्हा उमटतातच. कायमचा बंदोबस्त धुराड्याखालच्या उजळ पट्ट्यात आहे. पत्र्यावरच्या जस्ताचे अंश पावसाच्या पाण्यात विरघळून खाली वाहतात आणि सायनोबॅक्टेरियांना ते सहन होत नाहीत; तांबं तर त्याहून प्रभावी. छपराच्या धंद्याने ही गोष्ट दोन प्रकारे वापरली. एक म्हणजे आढ्याच्या खाली जस्ताची किंवा तांब्याची लांब पट्टी बसवणं. आढ्यावरच्या शिंगलखाली तिची एक कड सरकवतात आणि उरलेली उघडी ठेवतात, म्हणजे प्रत्येक पावसात धातू थोडा थोडा उतरतो. लांबलचक पाख्यावर खालच्या टोकापर्यंत परिणाम पोचत नाही, तिथे मध्ये दुसरी पट्टी लागते. आधीचे डाग पट्टीने जात नाहीत. छप्पर स्वच्छ करून मगच ती लावायची.

दुसरा प्रकार मला जास्त पटतो. शिंगलच्या रंगीत कणांमध्येच तांबं असलेले काही कण मिसळायचे. दगडाच्या कणावर तांब्याच्या संयुगाचा थर आणि त्यावर सच्छिद्र सिरॅमिक लेप. ओल आली की त्या छिद्रांतून तांबं अगदी सावकाश पाझरतं. थ्रीएमसारख्या कंपन्या असे कण बनवतात आणि शिंगलचे उत्पादक ते वापरून ‘शैवालरोधक’ माल विकतात. त्यावरची डाग-हमी मालानुसार साधारण १० ते २५ वर्षांची असते, पण तिच्या अटी वाचल्याशिवाय आकड्यावर भुलू नये. अनेक हमींमध्ये पहिल्या काही वर्षांनंतर भरपाई घटत जाते, आणि भरपाई म्हणजे नवं छप्पर नसून फक्त साफसफाईचा खर्च असतो.

धातूच्या उपायाची किंमत पाण्यातले जीव मोजतात. विरघळलेलं तांबं माशांना आणि पाण्यातल्या बारीक जिवांना अतिशय कमी प्रमाणातही घातक असतं. सॅमन माशांचं घ्राणेंद्रिय त्याने बधिर होतं आणि वास हाच त्यांचा वाटाड्या. याच काळजीपोटी वॉशिंग्टन राज्याने २०१० मध्ये गाड्यांच्या ब्रेक पॅडमधल्या तांब्यावर टप्प्याटप्प्याने बंधन आणणारा कायदा केला. छपराचं पाणी थेट ओढ्यात जात असेल, त्याच पाण्यावर भाजी पिकत असेल किंवा ते टाकीत साठवलं जात असेल, तर तांब्याची पट्टी लावू नये. खाली ॲल्युमिनियमची किंवा जस्ताच्या मुलाम्याची पन्हळ असेल, तरीही लावू नये. तांबं मिसळलेलं पाणी त्या पन्हळीला भोकं पाडतं.

सगळ्यात स्वस्त उपाय करवतीचा आहे. छपरावर झुकलेल्या फांद्या छाटल्या, पन्हळीतला पाचोळा वेळच्या वेळी काढला, की उत्तरेच्या पाख्यावर ऊन-वारा पोचतो आणि पहाटेची ओल लवकर सुकते.

एवढं सगळं पाहिल्यावर निवाडा सरळ आहे. नुसत्या काळ्या धारा असतील, शिंगल धडधाकट असतील आणि कुणाचं पत्र आलेलं नसेल, तर काहीही न करणं हाही योग्य निर्णय आहे. धुवायचंच असेल तर ब्लीच आणि पाणी, कमी दाबाने, झाडं आणि ओढा सांभाळून. छप्पर नव्याने घालायचं असेल तर दमट प्रदेशात तांब्याच्या कणांचा शिंगल मागून घ्यावा. आणि साफसफाईचा ठेकेदार दारात उभा राहिला, तर भाव विचारण्याआधी त्याला विचारावं की यंत्राचा दाब किती आणि त्याच्या विम्याचा कागद कुठे आहे. ‘प्रेशर वॉश’ हे शब्द त्याच्या तोंडून आले, तर त्याला छपरावर चढू देऊ नका.